धाकटा हमाल

१

साहेब, मावशींना चोर तुम्ही ठरवलंत. पंधरा मिनिटांत ठरवलंत. त्यातली पाच मिनिटं चहा यायला लागली. हे मला त्या बैठकीच्या कपबश्या जिनं विसळल्या तिनंच सांगितलं, म्हणजे मावशींनीच. स्वतःच्या बदनामीच्या बैठकीला चहाही त्यांनीच आणून दिला होता.

तुमचं नाव लिहीत नाही. ग्रंथालयाच्या दारातून आत आलं की समोर ज्यांचा हार घातलेला फोटो दिसतो आणि जे अजून जिवंत आहेत, ते तुम्ही. एवढी ओळख पुरे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगतो.

आमच्या ग्रंथालयाच्या वरच्या दालनात एक संग्रह आहे. पुस्तकांची रांग आडवी पडू नये म्हणून दोन्ही टोकांना जड टेकू लावतात, त्यांना बुकएंड म्हणतात. चित्रकलेच्या एका मास्तरांनी चाळीस वर्षं हे जुने, नक्षीचे, धातूचे बुकएंड गोळा केले. भंगारवाल्यांकडून, लिलावांतून, माणसं गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या घरांतून. लोखंडी घुबडं, पितळी जहाजं, काशाची घोड्यांची तोंडं. साठ जोड्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी त्या सगळ्या ग्रंथालयाला दिल्या आणि तीन वर्षांनी ते गेले. दालनाच्या दारावर पितळी पाटी आहे, ‘साठ जोड्या. सर्व अस्सल.’ ती पाटी मी कोरली. मी जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करतो. झाळकाम, घासकाम, थोडं ओतकाम. संग्रहाची वर्षातून एकदा तपासणीही सहा वर्षं माझ्याकडेच आहे.

त्या साठांत एक हमालांची जोडी आहे. वीतभर उंचीचे दोन पितळी हमाल. पाठ पुस्तकांना लावलेली, टाचा जमिनीत रोवलेल्या, गाल फुगलेले. दोघेही हुबेहूब एकसारखे. पुस्तकं त्यांच्या मध्ये उभी.

मंगळवारी विमा कंपनीची पारखी बाई आली. तिला दिसलं की दोन्ही हमालांच्या डाव्या अंगठ्यावर एकाच जागी एकसारखा टवका आहे. दोन माणसांना एकाच जागी एकसारखी जखम होत नाही. तिनं दोघांना उचललं, मापलं आणि सांगितलं, डावा खरा आहे, उजवा नक्कल आहे. डाव्यावरूनच साचा घेऊन ओतलेला. मग खरा उजवा कुठे आहे?

गुरुवारी सकाळी तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर माझे सहा वर्षांचे तपासणीचे कागद होते.

“दहा महिन्यांपूर्वी तू तपासणी केलीस.”

“होय साहेब.”

“दोन्ही हमाल उचलून पाहिलेस? इथं छापलंय, ‘प्रत्येक वस्तू उचलून’.”

“होय.”

“दोन्ही अस्सल होते?”

“होय.”

“लिहून दे.”

मी लिहून दिलं. माझ्या त्या दोन ओळींवर तुमचा हिशोब जुळला. दहा महिन्यांपूर्वी खरा होता, आज खोटा आहे, तेव्हा मधल्या काळात कोणीतरी बदलला. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक ग्रंथपाल बाईंकडे, एक झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. दोघींत गरीब कोण, एवढंच तुम्ही पाहिलंत. मावशींना कामावरून काढलं. सोमवारी अकरा वाजेपर्यंत हमाल परत आणला नाही तर पोलिसांत तक्रार जाणार होती.

शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडलं तर पायरीवर मावशी बसलेल्या होत्या.

२

“भाऊ, एक काम होतं.”

“आत या. बसा.”

“बसत नाही. तो हमाल आहे ना, तसाच दुसरा कुठं मिळेल?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कशाला?”

“आणून ठेवते. म्हणजे मिटेल.”

“मावशी, तुम्ही घेतलाय का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली पितळी समई उगाच फिरवायला लागलो.

“घेतला असता तर तोच नसता का ठेवला? दुसरा शोधत तुमच्या दारात कशाला आले असते?”

त्यांच्याकडे ग्रंथालयाशिवाय सकाळची तीन घरं होती. दोन घरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या होत्या, या, पण मी घरात असतानाच या.

“तिथं मी माझ्याकडची त्या घराची किल्ली स्वतःच देऊन आले,” मावशी म्हणाल्या. “त्यांनी मागायची वाट बघवेना. आणि पोलिस आले तर चाळीत जिन्यावरून खाली उतरताना सगळी दारं उघडी असतात हो. तेवीस वर्षं मी त्या दारांसमोरून ताठ मानेनं गेलेय.”

मी फडकं घेऊन घासायला लागलो. समईला आता काही घासायचं उरलं नव्हतं.

“बरं, मला एक सांगा भाऊ. मी बदलला म्हणतात, पण मी उचलला कसा? त्या कपाटातलं काही उचललंच जात नाही.”

“म्हणजे?”

“चिकटलंय सगळं. उद्घाटनाच्या दिवशी सुतार सकाळी त्या शेवटच्या कपाटाला पॉलिश मारत होता. मास्तर म्हणाले, दोन दिवस वाळू द्या. साहेब म्हणाले, पाहुणे चारला येणार, रिकामं कपाट दाखवू का त्यांना? ओल्या पॉलिशवर ठेवायला लावलं. मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून खालची ती हिरवी बनात फळीला धरून बसलीय. मी भोवतीभोवतीनंच फडकं मारते.”

बनात म्हणजे टेकूच्या तळाला लावलेलं जाड लोकरी कापड, लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून.

माझा हात थांबला. मावशींनी ते पाहिलं.

“पण तुम्ही तर दर वर्षी उचलून बघता,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, साधी उत्सुकता होती. “तुम्हाला कसं उचलता येतं?”

मी पॉलिशचं यंत्र चालू केलं. त्याच्या घरघरीत माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

३

उत्तर इथे देतो. मी कधीच उचलला नाही.

साठ जोड्या म्हणजे एकशे वीस नग. एकेक दोन-अडीच किलोचा. पहिल्या वर्षी आठ-दहा नग उचलले, पाठ धरली. मग काचेबाहेरून बघायला लागलो. आहे, आहे, आहे. दीड तासात साठ खुणा आणि खाली सही. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असायचं, आणि संग्रह कुठे पळून जाणार होता? शेवटच्या कपाटापर्यंत येईतो तर मला पुढ्यातला कागदच दिसत असायचा, वस्तू दिसत नसायची. मी ज्याला ‘उचलून तपासले’ म्हणत होतो ते ‘लांबून ओळखले’ एवढंच होतं.

आणि गुरुवारी तुम्ही विचारलंत तेव्हा सहा वर्षांचा आळस कबूल करायला तोंड उघडलं नाही. ‘होय’ म्हणणं सोपं होतं. ते ‘होय’ कोणाच्या गळ्यात जाऊन पडणार याचा विचार केला नाही, असं म्हणालो तर तेही खोटं होईल. विचार आला होता. मी तो झटकला.

शनिवारी मी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल बाई म्हणजे सरळ रेषेत चालणारी बाई. चष्मा दोरीला, दोरी मानेला आणि मान नियमाला बांधलेली.

“कपाट उघडायला समितीची परवानगी लागते,” त्या म्हणाल्या.

“तपासणीसाला लागत नाही. छापील कागदावर तिसऱ्या ओळीत आहे.”

त्यांनी कागद काढून तिसरी ओळ वाचली, आणि मगच किल्ली काढली.

आधी मी हमालांना हात लावला नाही. शेजारचं लोखंडी घुबड धरलं आणि वर ओढलं. आलं नाही. त्याच्या जोडीचं ओढलं. तेही नाही. जहाज नाही, घोडा नाही. मावशी खरं बोलत होत्या.

“मंगळवारी त्या पारखी बाईंनी हमाल उचलले तेव्हा आवाज झाला होता का हो?” मी विचारलं.

“झाला होता. कापड फाटल्यासारखा. दोन्हींना. मला वाटलं, मोडलं काहीतरी.”

मी दोन्ही हमाल बाजूला घेतले. खाली फळीवर दोन ठसे होते. पॉलिशमध्ये रुतलेले हिरवे लोकरीचे तंतू, भोवती नखानं ओढल्यासारखी कडेची रेघ. मी खिशातून व्हर्नियर काढला, मिलिमीटरपर्यंत माप घ्यायचं हत्यार.

ओतकाम करणाऱ्याला एक गोष्ट झोपेतही माहीत असते. वितळलेलं पितळ थंड होताना आकसतं, शंभराला साधारण दीड. म्हणून एखाद्या वस्तूवरून साचा घेऊन दुसरी ओतली, तर दुसरी नेहमी जराशी बुटकी निघते. डोळ्याला कळत नाही, मापाला कळतं. डाव्या हमालाचा तळ एकशे वीस मिलिमीटर लांब होता, उजव्याचा एकशे अठरा.

मग मी ठसे मापले. डावा ठसा एकशे वीस. उजवा एकशे अठरा.

पुन्हा मापले. तेच.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच बघा. ओल्या पॉलिशवर खरा हमाल उभा राहिला असता तर ठसा एकशे वीसचा पडला असता. मागून कोणी खोटा आणून ठेवला असता तर मोठ्या ठशात लहान तळ बसला असता, आणि वाळलेल्या पॉलिशला चिकटलाही नसता. इथं ठसा लहान आहे आणि तंतू रुतलेत.”

बाईंनी चष्मा लावला आणि फळीवर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

“म्हणजे हा खोटा पहिल्या दिवसापासूनच इथं आहे.”

“उद्घाटनाच्या दुपारपासून. मंगळवारपर्यंत तो हललेला नाही.”

“मग चोरी कधी झाली?”

“झालीच नाही.”

त्या सरळ उभ्या राहिल्या. नियमातली बाई, पुढचा प्रश्न नियमानं आलाच.

“हलला नाही म्हणता. मग तुम्ही सहा वर्षं उचललात काय?”

४

चोरी फळीवर झालीच नव्हती. ती माझ्या कागदावर झाली होती, माझ्या अक्षरात. मी बाईंना तेवढं सांगितलं. त्या माझ्यापासून एक पाऊल मागे सरकल्या, बस्स.

पण एक गाठ सुटेना. खोटा हमाल मास्तरांच्या घरातूनच आला असेल तर मास्तरांनी तो खरा म्हणून दिला होता का? ज्या माणसानं चाळीस वर्षं अस्सल वस्तूंचा ध्यास घेतला तो शेवटी ग्रंथालयाला फसवून गेला?

मास्तरांचा पुतण्या चष्म्याच्या दुकानात बसतो. संग्रह त्याला हवा होता. मिळाला नाही, म्हणून उद्घाटनाला तो आला नाही, असं गावभर झालं होतं. त्यानं मला आधी नजर तपासायच्या खुर्चीत बसवलं.

“खालची ओळ वाचा.”

“चष्मा नकोय मला. हमालांबद्दल विचारायचंय.”

“वाचता येत नाही का खालची ओळ?”

“नाही.”

“मग चष्मा हवाय.” तो हसला. “विचारा. काकांच्या घरात साठ जोड्या टेकू आणि पुस्तकं सव्वीस. मी म्हणायचो, काका, टेकू धरायला तरी चार पुस्तकं घ्या.”

“हमालांची जोडी त्यांनी कुठून आणली?”

“जोडी नव्हतीच ती. त्यांना एकच मिळाला, एका मोडीत निघालेल्या छापखान्यात. त्याच्या जोडीदारासाठी वीस वर्षं वणवण केली. सापडला नाही. शेवटी या हमालावरूनच दुसरा ओतून घेतला. मीच पिशवीत घालून भट्टीवर नेला होता. डाव्याला ते थोरला म्हणायचे, उजव्याला धाकटा. जरा बुटका आहे ना तो.”

“हे लपवायचे?”

“लपवायचे कसले. येईल त्याला सांगायचे. म्हणायचे, थोरला एकट्यानं किती रेटणार, म्हणून त्याला भाऊ दिला.”

“मग ग्रंथालयाला का नाही सांगितलं?”

पुतण्याच्या हातातली काच खाली आली.

“सांगितलं की. यादीतच लिहिलंय. अहो, यादी माझ्याच हातची. त्यांचा हात कापायचा, म्हणून मला बसवलं. बोटं सुजली माझी. शेवटचं पान फक्त दुरुस्त्या आणि नकला यांचं होतं. पहिलीच ओळ, ‘हमाल, उजवा, मी ओतून घेतलेला, कृपया तसेच लिहून ठेवावे.’ ते ‘कृपया’ त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.”

“हे तुम्ही आजवर बोलला का नाहीत?”

“मला विचारलं कोणी? उद्घाटनाचं साधं बोलावणं आलं नाही. लोक म्हणतात मी रुसलो. मला माहीतच नव्हतं कुठल्या दिवशी आहे ते.” त्यानं काच पुन्हा उचलली. “बुधवारी कानावर आलं, ग्रंथालयात नकली माल निघाला. खरं सांगू, बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे फजिती. त्यापायी कोणाला कामावरून काढलंय हे आत्ता तुमच्याकडून कळतंय.”

त्यानं काच पुसली. स्वच्छच होती, तरी पुसत राहिला. ते पुसणं मी ओळखलं. शुक्रवारी मी समई तशीच घासत होतो.

“यादी किती पानांची होती?” मी विचारलं.

“चौदा. शपथेवर सांगतो. चौदा.”

५

ग्रंथालय बंद व्हायला तास होता. ग्रंथपाल बाईंनी मास्तरांच्या यादीची फाइल माझ्यासमोर ठेवली. मी पानं मोजली.

तेरा.

शेवटचं पान घोड्यांच्या तोंडांवर संपत होतं. दुरुस्त्यांचं पान नव्हतं.

“आणखी एक पान होतं,” मी म्हणालो.

“फाइलमध्ये जे आहे ते आहे,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण दोरीचा चष्मा त्यांनी मुठीत धरला होता. “माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मला काही विचारू नका.”

“नाही विचारत.”

त्या उठल्या. मागच्या कपाटातून दोन जाड वह्या काढल्या, टेबलावर उघडून ठेवल्या आणि म्हणाल्या, “मी पाणी पिऊन येते. मला पाणी प्यायला दहा मिनिटं लागतात.”

पहिली वही आवक नोंदीची, अकरा वर्षांपूर्वीची. बाईंचं सरळ अक्षर. ‘मास्तरांकडून संग्रहाची हस्तलिखित यादी, पानं चौदा.’

म्हणजे पुतण्या खरा. पान आलं होतं. गेलं कधी? अकरा वर्षांत कधीही, कोणाच्याही हातून हरवलं असेल. तुम्ही असंच म्हणाल हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पानांकडे धातूच्या माणसासारखं पाहिलं.

पानं एका क्लिपमध्ये होती. नवी कोरी, चकचकीत क्लिप. पण पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर गंजाचा तपकिरी फेरा उमटलेला होता, क्लिपच्या आकाराचा. म्हणजे जुनी क्लिप वर्षानुवर्षं तिथं गंजत होती. आता क्लिपला दोन बाजू असतात. एक पहिल्या पानाच्या तोंडावर बसते, दुसरी शेवटच्या पानाच्या पाठीवर. गंज दोन्हीकडे उतरतो. मी तेरावं पान उलटं केलं.

पाठ कोरी होती. गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

जुनी क्लिप जोवर गंजत होती तोवर तेरावं पान शेवटचं नव्हतं. त्याच्यामागे चौदावं होतं, त्यानं सगळा गंज स्वतःच्या पाठीवर घेतला. ते पान परवापरवापर्यंत इथंच होतं. मग कोणीतरी जुनी क्लिप काढली, पान काढलं आणि नवी क्लिप लावली. नव्या क्लिपला गंजायला अजून वेळही मिळाला नव्हता.

दुसरी वही, फाइल बाहेर नेल्याची. संग्रहाच्या फाइलचं पान मी काढलं. अकरा वर्षांत त्या पानावर एकच नोंद होती.

‘बाहेर, बुधवार. परत, गुरुवार सकाळ. नेणार, अध्यक्ष.’

खाली तुमची सही, साहेब.

मी वही बंद केली नाही. बाई परत आल्या. त्यांचे ओठ कोरडेच होते.

६

आता मी सांगतो काय घडलं, चुकत असेन तर सांगा.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही ती यादी शेवटपर्यंत वाचली नाहीत. पाहुणे यायचे होते, भाषण लिहायचं होतं. ‘सर्व अस्सल’ अशी पाटी करायला मला सांगितलंत, मी केली. इथवर तुम्ही आणि मी सारखेच. तुम्ही पान उलटलं नाहीत, मी वस्तू उचलली नाही. मंगळवारी नक्कल सापडली. बुधवारी तुम्ही फाइल घरी नेलीत आणि पहिल्यांदाच चौदाव्या पानापर्यंत पोचलात. तिथं मास्तरांनी ‘कृपया’ म्हणून विनंती केलेली तुम्हाला दिसली. चोरी झालेली नाही हे तुम्हाला त्या क्षणी कळलं. पण मग अकरा वर्षांची पाटी खोटी, संग्रहाच्या चित्रांच्या पुस्तकाला लिहिलेली तुमची प्रस्तावना खोटी, आणि अस्सल संग्रह तुम्ही आणलात ही दारातल्या तुमच्या फोटोखालची ओळही खोटी. हमाल चोरीला गेला असं ठरलं की मात्र संग्रह अस्सलच राहतो. चोर हवा होता. माझी खोटी सही तयारच होती.

सोमवारी अकराला मी समितीपुढे आलो, पुतण्याला घेऊन. चौघे सदस्य आणि तुम्ही. चहा नव्हता, द्यायला कोणी उरलं नव्हतं. मी फळीवरची मापं सांगितली.

“यादी तेरा पानांचीच आहे,” तुम्ही म्हणालात.

“चौदावं मी लिहिलंय,” पुतण्या म्हणाला.

“तुम्हाला संग्रह हवा होता, मिळाला नाही. तुमच्या बोलण्याला काय अर्थ?”

मग मी माझा कागद ठेवला. सहा वर्षं न उचलता सह्या केल्या, गुरुवारचा जबाब खोटा दिला, असं लिहिलेला. तुम्ही तो सावकाश वाचलात आणि चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान दिसलं.

“म्हणजे तू खोटारडा आहेस.”

“होय.”

“मग खोटारड्याच्या मापांवर समितीनं विश्वास का ठेवावा?”

साहेब, माझी खोटी सही तुम्हाला चालली. खरी चालेना.

तेव्हा ग्रंथपाल बाई आत आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. दोन्ही वह्या उघड्याच आणल्या होत्या. टेबलावर ठेवल्या आणि बोट नोंदीखाली ठेवून उभ्या राहिल्या. चौघांनी वाचलं. चौघांनी मग छताकडे, खिडकीकडे, स्वतःच्या नखांकडे पाहिलं. तुमच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“नोंद करताना चूक होऊ शकते,” तुम्ही म्हणालात.

“माझी होत नाही,” बाई म्हणाल्या.

ठराव झाला, ‘विषय पुढील बैठकीपर्यंत स्थगित.’ पोलिसांत तक्रार गेली नाही. मावशींना कामावरही बोलावलं नाही. त्या चोर नाहीत असं कुठल्याही कागदावर लिहिलं गेलं नाही. स्थगित बाईला कोण घरात घेणार?

दुपारी मी मावशींच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगितलं. माझं आधी, मग तुमचं. त्या ऐकत होत्या आणि धुतलेली फडकी घडी करत होत्या. ग्रंथालयाचीच फडकी. परत करायची होती.

“म्हणजे मी नाही, हे तुम्हाला माहीत होतं.”

“नव्हतं माहीत. पण तुम्हीच, हेही माहीत नव्हतं.”

“तरी लिहून दिलंत.”

“दिलं.”

“एक हमाल उचलून बघायला किती वेळ लागतो, भाऊ?”

“मिनिट.”

“मी तेवीस वर्षं प्रत्येक कप उचलून त्याच्याखालचं टेबल पुसलं.” त्यांनी फडकं घडीवर ठेवलं. “कोणी बघत नव्हतं तेव्हाही.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“तुमचं नंतर बघू. तुम्ही निदान आलात. आधी त्यांना एक विचारून या. तेवढंच कळू दे मला, बाकी काही नको.”

त्यांचा प्रश्न मी अगदी शेवटी त्यांच्याच शब्दांत लिहितोय. पोस्टानं पाठवला, उत्तर नाही. तुमच्या केबिनबाहेर तीन दिवस बसलो, उत्तर नाही. म्हणून आता छापतोय.

ते पान तुम्ही बुधवारी वाचलंत. मावशींनी काही केलेलं नाही हे तुम्हाला कळलं होतं. गुरुवारी त्या बैठकीत ट्रे घेऊन आल्या, तुमच्यासमोर वाकल्या, तुम्ही कप उचललात, साखर कमी आहे म्हणालात, त्या परत गेल्या आणि साखर घेऊन आल्या.

साहेब, तो चहा तुमच्या घशाखाली कसा उतरला? उत्तर द्या.